जुळलेले आकडे

कानपूर,
८ ऑगस्ट १९७१

प्रिय निवृत्ती,

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितो. इथे येऊन महिना झाला. वसतिगृहाच्या माझ्या मजल्यावर बावीस मुलं आहेत, त्यांत मराठी एकही नाही. काल जेवणाच्या रांगेत कुणाचं तरी ताट माझ्या पायावर पडलं आणि तोंडून "अबे पाह्य ना!" निघालं. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. महिन्याभरात मराठीत मोठ्यानं उच्चारलेलं माझं तेवढंच वाक्य.

काम मात्र नवलाचं आहे. आमचे सर आम्हाला कारखाना कागदावर चालवायला शिकवतात. तापवायचं भांडं, धुवायचं भांडं, निवळायचं भांडं, प्रत्येकाचं एकेक गणित मांडायचं. काय आत गेलं, त्याचं काय झालं, काय बाहेर आलं. मग ही गणितं एकमेकांना जोडायची, भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवायची आणि सकाळी तो गठ्ठा कॉम्प्युटरच्या खिडकीत द्यायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला की उत्तराऐवजी चुकांची यादी हाती येते. पहिले अकरा दिवस मला यादीच मिळत होती. सर म्हणतात, वीट रचायच्या आधी कारखाना इथे चालवून बघा. पाणी किती लागेल, घाण कुठे जाईल, हे आधी कळलं तर नंतर नदीची माफी मागावी लागत नाही.

प्रत्येकानं एक कारखाना निवडायचा आहे. बाकीच्यांनी पुस्तकातले मोठमोठे घेतले. मी सरांना सांगितलं, मला आमच्या मोताळ्याची शंकररावांची सरकीच्या तेलाची मिल हवी. तिथला केमिस्ट माझ्या बाकावर बसत होता.

तर केमिस्टसाहेब, आकडे पाठवा. एका घाणीला, म्हणजे एका खेपेला, तेल किती, कास्टिक सोडा किती, पाणी किती, आणि बाहेर काय काय पडतं.

तुझ्या आईला, गोजरकाकूंना, नमस्कार.

तुझा,
वैजनाथ

*

मोताळा,
२२ ऑगस्ट १९७१

वैजनाथा,

तुहं पत्र आलं तवा मी लॅबमधीच होतो. लॅब म्हंजे काय, बॉयलरच्या मागची टिनाची खोली, एक ब्युरेट अन् चार बाटल्या. मी हसून राह्यलो पाहून मालकानं विचारलं, "काऊन बे, कोनाचं लग्न आहे?" मी म्हटलं, "माह्या दोस्तानं आपली मिल कानपूरले नेली."

लॅबच्या वहीतले या महिन्याच्या अठरा दिवसाचे आकडे सोबत जोडले आहेत. एका घाणीले एकशेवीस डबे कच्चं तेल. काळंलाल असते, तुले माहीत आहे. त्यात कास्टिक टाकलं की साबणावानी गाळ खाली बसते, तो साबणवाले गाडीत भरून नेतात. मंग वरचं तेल गरम पाण्यानं दोनदा धुतो. दोन्ही धुण्याचं पाणी मागच्या हौदात, अन् हौदातून पाइपानं नाल्यात.

आकडे रोज सारखे येत नाहीत. सोमवारी एक तं मंगळवारी दुसरंच. चालन का?

नाला आता फेसाळते. जनकाबाईच्या म्हशी तिथं तोंड लावत नाहीत. मालकाले म्या दोनदा सांगतलं, तं म्हन्ते, "नाला काय तुह्या बापाचा आहे?"

मायले दम लागते, बाकी बरी आहे. तुह्यासाठी तिनं कुरड्या ठेवल्या. पोस्टानं पाठवल्या तं भुगा होईन, म्हून येशील तवाच खाजो.

निवृत्ती

*

कानपूर,
२० नोव्हेंबर १९७१

प्रिय निवृत्ती,

सप्टेंबरात एक आणि दिवाळीला एक, अशी माझी दोन पत्रं तुला मिळाली असतील. उत्तर नाही. मिलचा हंगाम सुरू झाला असेल हे समजतं.

माझं काम एका जागी अडलं आहे. दुसऱ्या धुण्याचं पाणी बरंचसं स्वच्छ असतं. ते नाल्यात सोडण्याऐवजी पुढच्या घाणीच्या पहिल्या धुण्याला वापरलं, तर पाणी जवळजवळ निम्मं लागेल आणि नाल्यातही निम्मं जाईल. बोलायला सोपं आहे. पण परत आलेलं पाणी सोडाही परत आणतं. तो किती, हे पहिल्या धुण्यावर ठरतं, आणि पहिलं धुणं त्या परत आलेल्या पाण्यावर. म्हणून आधी एक अंदाज धरायचा, सगळी मिल एकदा चालवायची, निघालेलं उत्तर अंदाजाशी ताडून पाहायचं, आणि नवा अंदाज घेऊन पुन्हा चालवायची. दोन्ही जुळेपर्यंत हेच. माझं जुळत नाही. उत्तर प्रत्येक फेऱ्यात फुगत जातं. सर म्हणतात, अठरा दिवसांचे आकडे पुरे नाहीत, थंडीतले पण हवेत.

आणखी एक. वडील गेले, आई नागपूरला दादाकडे, आता मोताळ्याहून मला लिहिणारा तूच एक आहेस. तुझं पत्र आलं नाही की रविवार निघत नाही. बाकी काही सुचत नसेल तर नुसते आकडेच पाठव.

तुझा,
वैजनाथ

*

मोताळा,
११ डिसेंबर १९७१

वैजनाथा,

उशीर झाला, रागावू नको. मिल जोरात चालून राह्यली, मालक खूश आहेत. तुले पाहिजे होते ते महिनाभराचे आकडे जोडले. या खेपेले चांगलं बारीक लक्ष देऊन काढले. पुढच्या महिन्याचे पण पाठवतो. तू लिहीत राहजो.

माय आशीर्वाद सांगते.

निवृत्ती

*

कानपूर,
६ फेब्रुवारी १९७२

प्रिय निवृत्ती,

जुळलं! चौदाव्या फेऱ्याला अंदाज आणि उत्तर एक झालं. खिडकीतून कागद हातात आला तेव्हा मी तिथेच पायरीवर बसलो. सांगायला कुणी नव्हतं. चपराशाला सांगितलं, तो म्हणाला, "अच्छा है."

सरांनी मात्र तू डिसेंबर-जानेवारीत पाठवलेले आकडे बराच वेळ पाहिले. म्हणाले, "आत गेलेला सोडा आणि बाहेर आलेला सोडा शेवटच्या दशांशापर्यंत जुळतो. खरा कारखाना इतका जुळत नाही. कुठे सांडतं, कुठे गळतं, कुणी बादली मोजायला विसरतं. हा कारखाना कुणी तरी टेबलावर बसून चालवला आहे." मला राग आला. मी म्हणालो, "सर, माझा मित्र वर्गात प्रयोगवहीला पहिला यायचा. त्याची शिस्तच तशी आहे." त्यांनी कागद परत दिले.

तुला न विचारता एक केलं आहे. शंकररावांना मी सगळी योजना नकाशासकट पाठवली. हे सारं तुमच्या केमिस्टच्या मेहनतीवर उभं आहे, असं ठळक लिहिलं. तुझं नाव व्हावं म्हणून.

काकूंना नमस्कार.

तुझा,
वैजनाथ

*

मोताळा,
ता. १७-२-७२

रा. रा. वैजनाथराव यांस,

नमस्कार. आपले पत्र व नकाशा पावला. आपले वडील शाळेत हेडक्लार्क होते, त्यांची आठवण आहे. आपण शिकून मोठे होत आहात, आनंद वाटला. परंतु आपला काही गैरसमज झालेला दिसतो. निवृत्ती गेल्या दिवाळीपासून आमचे कामावर नाही. त्याने आपणास कोठले आकडे पाठविले हे आम्हांस ठाऊक नाही. सबब नकाशाचा विचार करता येत नाही. कळावे.

आपला,
शंकरराव

*

कानपूर,
२४ फेब्रुवारी १९७२

निवृत्ती,

शंकररावांचं कार्ड सोबत आहे. माझं सहा महिन्यांचं काम तुझ्या आकड्यांवर उभं आहे. खरे किती आणि खोटे किती, एवढंच कळव.

वैजनाथ

*

मोताळा,
३ मार्च १९७२

वैजनाथा,

ऑगस्टातले अठरा दिवस खरे. बाकीचे सारे खोटे.

वसुबारसेच्या दिवशी मालकाचा पाव्हणा मिल पाहाले आला. त्यानं विचारलं, नाला काऊन फेसाळते? मालक म्हन्ले, धोबी धुतात. म्या म्हटलं, धोबी नाही, आपलं कास्टिक आहे. दुसऱ्या दिवशी मले येऊ नको म्हून सांगतलं. लॅबची चाबी रामराव हमालाच्या हातानं मागून घेतली. तवापासून वावरात जाऊन राह्यलो. दाताळ्याच्या पोरीसंगं माही सोयरीक ठरत आली होती, ती पण मोडली.

तुह्या दिवाळीच्या पत्राले जवाब लिहाले बसलो तं काय लिहावं कळेना. मंग तुहं नोव्हेंबरचं आलं, नुसते आकडेच पाठव म्हून. आकडे नसते तं तू काऊन लिहिलं असतं मले? तुह्यापाशी कानपूर, कॉम्प्युटर, सर. माह्यापाशी वावरातली कपाशीची पऱ्हाटी. म्हून जुने आकडे थोडे थोडे हलवून आत टाकले, अन् बाहेरचं वजाबाकी करून काढलं. म्हून जुळले. तुह्या सरानं बरोबर वळखलं.

खरं बोललो म्हून काम गेलं, अन् काम गेलं ते लपवाले खोटं लिहिलं. माफी मागत नाही, मागाले तोंड नाही.

निवृत्ती

*

मोताळा,
१८ जून १९७२

वैजनाथा,

तू लिहिलं नाही. बरोबर आहे. हे पत्र जवाबासाठी नाही.

दोन मेपासून रोज सकाळपासून दिवस बुडेपर्यंत मी नाल्यावर बसलो. मिलचा पाइप भिंतीबाहेर निघते, तिथं बसाले कोनाची परवानगी लागत नाही. बादली अन् घड्याळ घेऊन किती पाणी पडते ते मोजलं. औषधाच्या शिशीत नमुने भरून शाळेत नेले. शेषराव मास्तर आता विज्ञान शिकवतात, त्यायनं सुट्टीत ब्युरेट दिली. कास्टिकचे ड्रम किती आले अन् गाळाच्या गाड्या किती गेल्या, ते रामराव रोज सांगते. गाळाचा गोळा पण आनून देते.

पंचेचाळीस दिवसाचं सारं जोडलं आहे. सात दिवस मिल बंद होती, ते कोरे सोडले. एक दिवस बादली फुटली, ते पण लिहिलं. आकडे जुळत नाहीत. म्या तीनदा पाहिलं, तरी जुळत नाहीत. तसेच पाठवून राह्यलो.

आतापासून जे डोळ्यानं पाहिलं नाही ते तुले लिहिणार नाही.

इकडं पाऊस नाही. लोक आभाळाकडं पाहाचे पण थकले.

निवृत्ती

*

कानपूर,
९ जुलै १९७२

प्रिय निवृत्ती,

चार महिने मी तुला लिहिलं नाही. रोज लिहायचं ठरवत होतो आणि रोज राग आधी यायचा. सगळं काम मागे घ्यावं लागलं. सरांसमोर उभं राहून सांगावं लागलं की माझा मित्र खोटं बोलला. सरांनी सहा महिने वाढवून दिले. त्या दिवसापासून पुस्तकातल्या कारखान्यावर काम करतोय. तो चालतो, पण तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही.

तुझं पाकीट तीन दिवस उघडलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी उघडलं. आधी वाटलं, पुन्हा काहीतरी. मग कागद सरांना दाखवले. त्यांनी फुटलेल्या बादलीची नोंद वाचली आणि म्हणाले, "आता हा कारखाना खरा आहे."

आम्ही तुझ्या आकड्यांवर मिल पुन्हा चालवली. निवृत्ती, नीट वाच. सोड्याचे पाच ड्रम आत गेले तर गाळ आणि नाला मिळून चारच बाहेर दिसतात. रोज असंच. हे तुझ्या मोजण्यातलं चुकणं नाही. मोजण्यातली चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. ही रोज एकाच बाजूला पडते आहे. मी एकेक भांडं वगळून पाहिलं. मागच्या हौदाला तळातून गळतं ठेवलं की बाकी सगळं जुळतं. पाचवा ड्रम जमिनीत जातो आहे.

हौदाजवळ कुठली विहीर आहे का? असेल तर तिचं पाणी आधी बघ, माझ्या पत्राचं उत्तर नंतर दे.

काकू कशा आहेत?

तुझा,
वैजनाथ

*

मोताळा,
२ ऑगस्ट १९७२

वैजनाथा,

विहीर आहे. वेशीबाहेरची, हौदापासून साठ पावलावर. अन् यंदा आर्ध्या गावाले तेवढीच उरली आहे. या अंगाच्या बाकीच्या आटल्या. पाणी जड लागते असं बाया म्हनत होत्या, पन दुष्काळात चव कोन पाह्यते?

मास्तरापासून ती बिनरंगी दवाई आनली, जी सोडा असला की गुलाबी होते. शाळेच्या विहिरीच्या पाण्यात टाकली, काहीच झालं नाही. वेशीच्या पाण्यात टाकली अन् फिक्की गुलाबी झाली.

दोन्ही शिशा घेऊन तसाच मिलवर गेलो. मालक गादीवर बसले होते.

"पुन्हा आला का?"

"मालक, काम मागाले नाही आलो. हे पाहा."

त्यायनं पाहिलं अन् म्हन्ले, "रंग टाकला असशील. तुले आकडे बनवता येतात, रंग काऊन नाही येनार?"

म्या शिशी खाली ठेवली अन् म्हटलं, "माह्यावर भरोसा ठेवू नका. तुम्हीच पाणी काढा, तुम्हीच टाका."

कोन जाने काऊन, पन ते उठले. विहिरीवर बायाची रांग होती. मालकाले पाहून साऱ्याजनी बाजूले सरल्या. त्यायनं स्वताच्या हातानं पोहरा सोडला, गिलासात पाणी घेतलं, थेंब टाकले. गिलास गुलाबी झाला. मंग विहिरीच्या काठावर बसले.

जनकाबाईनं विचारलं, "काय झालं हो मालक?"

"किती दिवसाचं भरता इथलं?"

"फागुनापासून. दुसरं आहे कुठी?"

त्यायनं गिलास सांडून दिला. म्हन्ले, "आजपासून इथलं भरू नका. मिलच्या आत, वरच्या अंगाले, माही विहीर आहे, तिथं या." तिच्या भरल्या हांड्याकडं पाहून म्हन्ले, "तो पन ओतून दे, बाई." जनकाबाईनं ओतला. अशा दिवसात भरला हांडा ओतताना साऱ्या बाया पाहून राह्यल्या.

मिल चार दिवस बंद ठेवली. हौद उपसला तं तळाले हातभर चीर. ती बुजवली. तुहा नकाशा मालकाच्या कपाटातच होता. आता दुसऱ्या धुण्याचं पाणी पहिल्याले वापरतात. तू निम्मं म्हटलं होतं, पाणी पाचातून दोन हिस्से वाचून राह्यलं. तेवढंच खरं, निम्मं नाही.

मले कामावर घेतलं नाही. भाच्याले केमिस्ट केलं आहे, त्याले काढता येत नाही म्हन्ले. मी रोज सकाळी वेशीच्या विहिरीची शिशी भरतो. रंग अजून येते, पन कमी.

निवृत्ती

*

कानपूर,
२४ डिसेंबर १९७२

प्रिय निवृत्ती,

प्रबंध परवा मान्य झाला. तुझे पाचातले दोन हिस्से मी निम्म्याच्या शेजारी छापले आहेत, आणि फरक का पडला यावर एक पूर्ण प्रकरण आहे. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. पहिल्या पानावर तुझं नाव आहे. या वेळी सरांनी ते वाचून मान डोलावली.

बडोद्याला नोकरी लागली. रुजू व्हायच्या आधी ६ जानेवारीला मलकापूरला उतरून मोताळ्याला येतो. संध्याकाळची गाडी पकडायची आहे, त्यामुळे चारच तास हातात आहेत. काकूंसाठी इथून एक लुगडं घेतलं आहे, हिरवं. त्यांना आवडेल ना?

दीड वर्ष झालं तुला बघून.

तुझा,
वैजनाथ

*

मोताळा,
११ जानेवारी १९७३

वैजनाथा,

तू आला अन् गेला. बसस्टँडवर तुले पाहिलं तं वळखूच नाही आला, चष्मा लागला तुले. मी मुद्दामच तुले आधी मिलवर नेलं, मंग हौद दाखवला, मंग विहीर, मंग मालकाचा चहा. आपन दोघं साऱ्या वेळ पाइप अन् पाणीच बोललो. तू दोनदा म्हटलं, "घरी चल ना, काकूंना भेटतो." मी म्हटलं, माय मामाकडं गेली. तू लुगडं माह्या हातात दिलं. म्या घेतलं. बस निघाली.

माय एकोणीस एप्रिलले गेली. दमा होता, वेशीच्या पाण्याचा काही संबंध नाही, आमी तवा शाळेच्या विहिरीचं भरत होतो. दुपारी म्हन्ली, जरा उठवून बसव. उठवलं. माह्या खांद्यावर डोकं ठेवलं, अन् झालं.

तेरवी झाली अन् घर खाले उठलं. म्हून बादली अन् घड्याळ घेऊन नाल्यावर जाऊन बसलो. त्या आकड्याचं तू प्रबंधात कौतुक लिहिलं, तुले वाटलं विज्ञानासाठी केलं. मले घरी जावं वाटत नव्हतं, एवढंच होतं ते.

पाहिलं नाही ते लिहिणार नाही म्हटलं होतं. त्याच्यात बसेन असंच लिहिलं. हे लपवलं. मार्चात तुले खोटं कबूल करून झालं होतं, अन् महिन्यानं माय मेली लिहितो तं तुले वाटलं असतं, दया पाहिजे म्हून हे पन बनवलं. अन् मंग तुहं पत्र आलं, "काकू कशा आहेत". तवा सांगाचं राहून गेलं. जितके दिवस जाते तितकं सांगनं जड होते.

तू पत्रात तिले विचारत राहाचा, तं दर पत्रात एक ओळ ती जिती असे. ते बी एक कारन होतं.

लुगडं पिशवीतच आहे. ते मी काय करू, सांग.

निवृत्ती

*

बडोदा,
१७ जानेवारी १९७३

निवृत्ती,

पत्र आत्ता मिळालं. रुजू होऊन आठवडाही झाला नाही, पण साहेबांना सांगितलं की घरात काकू गेल्या. त्यांनी चार दिवस दिले. कुठल्या काकू, कधी गेल्या, हे त्यांनी विचारलं नाही.

लुगड्याचं तिथे आल्यावर दोघं मिळून ठरवू. पत्राच्या आधी मीच पोचेन कदाचित. बसस्टँडवर येऊ नकोस. घरी थांब, मी घरी येतो.

वैजनाथ